गरजेची मालकी

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील न्यू ऑर्लिन्स शहरात २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळाच्या तडाख्याने कालव्यांच्या पूरभिंती फुटल्या, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि कित्येक वस्त्यांतून ते पाणी अनेक आठवडे उपसले जात राहिले. पाणी ओसरल्यावर रहिवाशांपुढे उभा राहिलेला प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा होता : घर साफ करून वाळवण्यासाठी कोणाला बोलवावे आणि त्याला किती पैसे द्यावेत. परंतु ज्याचे सर्वस्व भिजले आहे त्याच्या निकडीतून दुसऱ्याने किती कमवावे, हा प्रश्न धर्मचिंतकांना आणि तत्त्वज्ञांना दोन हजार वर्षांहून अधिक काळ छळत आला आहे, आणि वादळांच्या वाटेवर वसलेल्या प्रत्येक शहरात तो नव्याने उभा राहतो.

या कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्यातील नैतिक पेच कळत नाही. तेथील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची असतात. सांगाड्याला आतून जिप्समच्या पाट्या ठोकलेल्या असतात आणि सांगाड्यातल्या पोकळीत उष्णतारोधक थर भरलेला असतो. पुराचे पाणी जेवढे चढते त्याहून वरपर्यंत ओल या पाट्यांतून झिरपत जाते, आणि एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. म्हणून पाणी उपसणे, भिजलेल्या पाट्या व थर कापून काढणे, सांगाडा जंतुनाशकाने धुणे, मोठे पंखे आणि हवेतला दमटपणा शोषणारी यंत्रे लावणे, आणि लाकडातली ओल मापकयंत्राने पुन्हा पुन्हा मोजून ती सुरक्षित पातळीला आल्यावरच नव्या पाट्या ठोकणे, अशा क्रमाने हे काम चालते. या व्यवसायात पाण्याचेही तीन वर्ग मानले जातात, स्वच्छ, वापरलेले आणि मैलामिश्रित. पुराचे पाणी तिसऱ्या वर्गात मोडते, आणि त्यात भिजलेले पुष्कळसे सामान फेकूनच द्यावे लागते. या वर्णनातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे काम थांबू शकत नाही. दुसरी म्हणजे भिंतीआड ओल किती आहे हे घरमालकाला दिसत नाही, ते ज्याच्या हातात मापकयंत्र आहे त्यालाच कळते.

घाईत दिलेल्या संमतीचा विचार ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने निकोमाकियन नीतिशास्त्राच्या तिसऱ्या पुस्तकात केला आहे. वादळात सापडलेल्या गलबतावरचा माल समुद्रात टाकून देणारा माणूस ते कृत्य स्वेच्छेने करतो की सक्तीने, असे विचारून तो उत्तर देतो की असे कृत्य मिश्र असते, तरीही त्या क्षणी निवड करणाराच निवडत असल्यामुळे ते स्वेच्छेच्या अधिक जवळचे ठरते. अंगणात कुजक्या सामानाचा ढीग पडलेला असताना तेथेच उभ्या उभ्या करारावर सही करणारा घरमालक याच अवस्थेत असतो. त्याची सही पोकळ म्हणता येत नाही आणि पूर्णतः मोकळीही म्हणता येत नाही. मात्र एक फरक येथे निर्णायक आहे. समुद्रात टाकलेल्या मालावर वादळाला नफा मिळत नाही. करारावरील सहीतून मात्र समोरच्या माणसाला मिळतो. त्यामुळे सही करणाऱ्याची इच्छा किती मोकळी होती एवढ्यावर हा विचार थांबवता येत नाही. सही घेणाऱ्याने नेमके काय विकले, हेही विचारावे लागते.

या दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस याच्या ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात सापडते. न्याय्य किंमत, म्हणजे देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंना समतोल राखणारी किंमत, हा त्याच्या विवेचनाचा विषय आहे. त्याच्या मते एखादी वस्तू देण्यामुळे विक्रेत्याचे स्वतःचे नुकसान होत असेल तर ते त्याने किमतीत धरावे. परंतु विक्रेत्याचे काहीच जात नसताना केवळ घेणाऱ्याला ती वस्तू फार हवी आहे म्हणून किंमत वाढवणे अन्याय आहे, कारण ती वाढीव किंमत घेणाऱ्याच्या अवस्थेतून उद्भवते, आणि जे आपले नाही ते कोणी विकू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही व्यापाऱ्याच्या नफ्याला मर्यादा आहे, स्वदेशी मालावर ५ टक्के आणि परदेशी मालावर १० टक्के. पण ती राजाने घातलेली मर्यादा आहे. अक्वायनसचा युक्तिवाद त्याहून खोल जातो, कारण तो मालकीचाच प्रश्न विचारतो : भिजलेल्या घरातील माणसाची हतबलता कोणाच्या मालकीची आहे? ती कंत्राटदाराने निर्माण केलेली नाही, वाहून आणलेली नाही, तिच्यासाठी त्याने घाम गाळलेला नाही. मग तिची किंमत तो कोणत्या अधिकाराने लावणार?

यावर अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे योग्य नाही. २००४ मध्ये फ्लोरिडात आलेल्या चार्ली चक्रीवादळानंतर अवाच्या सवा दरांवरून जो वाद झाला, त्यापासूनच अमेरिकन तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनी न्यायविषयक आपल्या ग्रंथाचा प्रारंभ केला आहे. चढे दर दूरच्या प्रांतांतून माणसे आणि यंत्रे खेचून आणतात. दर बांधून दिले तर ती येणारच नाहीत आणि नुकसान घरमालकाचेच होईल, असे त्या वादातील एका पक्षाचे म्हणणे होते. हे खरेच आहे, परंतु दूरवरून येण्याचा खर्च, मुक्कामाची सोय, इंधन, जोखीम, घरचे सोडून आलेले काम या सर्व गोष्टी विक्रेत्याच्या स्वतःच्या आहेत, आणि त्यांचा मोबदला मागण्यास अक्वायनसची हरकत नाही. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानाचा कायदाही जवळपास हीच रेषा आखतो : आणीबाणी जाहीर असताना नेहमीच्या दरापेक्षा अधिक आकारण्यास मनाई आहे, मात्र वाढलेला वाजवी खर्च आणि धंद्यातील जोखीम यांना तो सूट देतो. परिश्रम विकावेत, अंतर विकावे, कौशल्य विकावे; समोरच्याची भीती विकू नये, एवढाच येथे भेद आहे, आणि तो व्यवहारात पाळता येण्यासारखा आहे.

भीती बहुधा अज्ञानावर पोसली जाते. रोमन विचारवंत सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एक उदाहरण चर्चिले आहे. दुष्काळग्रस्त ऱ्होड्स बेटावर अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला मागून आणखी गलबते येत आहेत हे ठाऊक असते. ते त्याने गिऱ्हाइकांना सांगावे काय? सांगितलेच पाहिजे, असा सिसेरोचा कौल आहे. येणाऱ्या मालाविषयी मौन राखणे अक्वायनसला अन्यायाचे वाटत नाही, पण विकल्या जाणाऱ्या वस्तूतील धोकादायक छुपा दोष मात्र सांगायलाच हवा, असे तोही म्हणतो. पूरग्रस्त घरातील ओल ही अशी छुपी गोष्ट आहे. कोरड्या भिंतीला ओली म्हणून फोडणारा आणि ओल्या लाकडावर नवी पाटी ठोकून मोकळा होणारा, दोघेही एकाच दोषाचे धनी आहेत, कारण ज्या ज्ञानासाठी त्यांना पैसे मिळाले तेच त्यांनी दडवले. मापकयंत्रावरील आकडे घरमालकाला दाखवून लेखी देणे ही म्हणूनच केवळ कार्यालयीन औपचारिकता ठरत नाही. या धंद्यातील सत्यनिष्ठा तेथेच कसाला लागते.

भारतीय परंपरेतील आपद्धर्म, म्हणजे संकटकाळी नेहमीचे नियम शिथिल करणारा धर्म, येथे सहज आठवतो. महाभारताच्या शांतिपर्वातील कथेत बारा वर्षांच्या अवर्षणात उपाशी मरू घातलेला विश्वामित्र कुत्र्याचे मांस चोरू पाहतो आणि त्याचे समर्थनही करतो. परंतु ही सवलत कोणाला आहे, हे नीट पाहिले पाहिजे. ती ज्याचा जीव जात आहे त्याला आहे. ज्याच्या घरी कोठार भरलेले आहे त्याला संकटाच्या नावाखाली नियम सोडण्याची मुभा त्या कथेतून निघत नाही. वादळात घरमालकाला पुष्कळ गोष्टी क्षम्य ठरतील, पण ज्याच्याजवळ शिडी, पंखे आणि माणसे आहेत त्याच्यावरचे बंधन उलट वाढते.

न्यू ऑर्लिन्समध्ये दक्षिणी बाप्टिस्ट आणि मेनोनाइट पंथांच्या स्वयंसेवकांनी मोबदला न घेता असंख्य घरांतला चिखल काढला, आणि त्यांच्या श्रद्धेला आदराने नमस्कार केला पाहिजे. तरीही विनामूल्य काम पवित्र आणि पैसे घेऊन केलेले काम त्याहून हलके, ही समजूत टिकणारी नाही. स्वयंसेवक आठवडाभराने परततो. त्यानंतर घर पुन्हा राहते करण्याचे महिनोन् महिन्यांचे कसबी काम रोजगारावर जगणारेच करतात.

त्या रोजगारी माणसांपर्यंत न्याय्य किंमत पोहोचते का, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. कॅटरिनानंतर लॅटिन अमेरिकेतून आलेल्या हजारो मजुरांनी बुरशीने भरलेली घरे उपसली, आणि पोटकंत्राटदारांच्या साखळीत अनेकांची मजुरी बुडाल्याच्या तक्रारी झाल्या. सरकारी पैशाने होणाऱ्या बांधकामांवर स्थानिक प्रचलित दराने मजुरी देण्यास लावणारा १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा ८ सप्टेंबर २००५ रोजी पूरग्रस्त भागापुरता स्थगित झाला आणि ८ नोव्हेंबरला पुन्हा लागू झाला; खाजगी घरांना तर त्याचे संरक्षण मुळातच नव्हते. ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही धर्मांना मान्य असलेल्या ‘अनुवाद’ (ड्यूटरॉनॉमी) या धर्मग्रंथात गरीब मजुराची मजुरी, मग तो परदेशी का असेना, सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे. कंत्राटदाराकडून वाजवी दर मागणारा घरमालक ज्या न्यायाचा आधार घेतो, त्याच न्यायाने आपली भिंत फोडणाऱ्याची मजुरी कोण आणि केव्हा देणार आहे, हे सही करण्यापूर्वी विचारणे त्याच्यावरही बंधनकारक ठरते.