उपकार कशाचे?

१९७२ च्या दुष्काळात आमच्या नगर जिल्ह्यात माणसं खडी फोडायला जात. आईही जायची. घरी सुकडी यायची. आजी ती परातीत ओतायची, डोळे मिटायची अन् देवबापाचे उपकार मानायची. प्रार्थना लांबलचक, पोटात कावळे ओरडत असायचे.

त्या साली आमचा एक बैल चाऱ्यावाचून दावणीलाच मेला. त्या रात्रीही तिनं उपकार मानलेच. मी चिडून म्हणालो, "आजे, उपकार कशाचे? बैल मेल्याचे?"

आमेनच्या आधी बोललो म्हणून पाठीत धपाटा बसला. मग ती म्हणाली, "बैलाचं पहाटंच रडून सांगितलंय त्याला. तू निजला व्हतास. हे सुकडीचं चाललंय."

पुढं देवळात पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रावर उपदेश ऐकला. पाळकसाहेब म्हणाले, प्रत्येक गोष्टीबद्दल आभार माना. मला पटेना. त्या पत्रात पौल परिस्थिती कशीही असो, तिच्यात आभार मानायला सांगतो, तिच्याबद्दल नव्हे. इफिसकरांना मात्र तो सगळ्याबद्दलच म्हणतो, अन् तिथं मी अजून अडखळतो. बैलाबद्दल आभार माझ्या तोंडून निघत नाहीत. आजीच्याही निघाले नव्हते.

आनंदाचं म्हणाल, तर जात्यावर ती टिळकांचं भजन म्हणायची. त्या साली दळायला दाणे थोडे, भजन निम्म्यावर असतानाच दळण संपायचं. मग खुंट्यावर हात तसाच ठेवून ती उरलेलं भजन पुरं करायची, अन् मगच उठायची.