पल्तडचा गोवा

शापोराच्या किल्ल्यावर संध्याकाळी गर्दी उसळते. तटाच्या कडेवर ओळीनं बसायचं, तोंड समुद्राकडे, पाठ कॅमेऱ्याकडे, आणि फोटो काढून घ्यायचा, हा तिथला ठरलेला कार्यक्रम. 2001 साली आलेल्या ‘दिल चाहता है’मध्ये तिघे मित्र असे बसले होते. तेव्हापासून कित्येक पर्यटक या किल्ल्याला त्या सिनेमाच्याच नावानं ओळखतात. त्याच तटावरून मान जरा उजवीकडे वळवली तर नदीचं मुख दिसतं. नदीचं नावही शापोरा. तिच्या पलीकडे वाळूचा लांब पट्टा, माडांची रांग आणि मोरजी गाव. नदीच्या अलीकडे बार्देस तालुका, पलीकडे पेडणे. पलीकडच्या काठाला कोंकणीत ‘पल्तड’ म्हणतात. फोटोसाठी बसलेल्यांना या पल्तडचं नाव सहसा ठाऊक नसतं, कारण ज्या सिनेमानं त्यांना इथवर आणलं त्याचं या काठाशी काही काम नव्हतं.

आता मात्र गोव्यात येण्याची वाटच बदलली आहे. मोपाच्या सड्यावर बांधलेल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन झालं आणि 5 जानेवारी 2023 पासून तिथे प्रवासी विमानं उतरू लागली. पहिल्या टप्प्यातच वर्षाला 44 लाख प्रवाशांची सोय आहे. पूर्वी विमानानं येणारा माणूस दाबोळीला उतरायचा आणि पेडणे त्याच्या लेखी उत्तरेचं शेवटचं टोक असायचं. आज हजारो लोकांचं गोव्यातलं पहिलं पाऊल पेडण्यात पडतं. त्यातले बहुतेक चार दिवसांनी परततात. काही जण मात्र राहण्यासाठी येतात. दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळुरूचे लोक, कोविडनंतर घरून काम करण्याची मुभा मिळालेले, निवृत्त झालेले, मांद्रे-मोरजीत घर घेतात किंवा धारगळच्या बाजूला जमिनी पाहतात.

असा माणूस येण्यापूर्वी भाडं, शाळा, दवाखाना, इंटरनेट या सगळ्याची चौकशी करतो. ती करायलाच हवी. पण ज्या समाजात आपण उरलेलं आयुष्य काढणार, त्याची ओळख त्याला कुठून होते? बहुतेकांना ती हिंदी पडद्यावरून झालेली असते. त्यांनी सामान बांधण्याआधी गोव्यानं स्वतः काढलेले चार सिनेमे पाहावेत, असं आग्रहानं सांगावंसं वाटतं. हौस म्हणून नव्हे, घराची कागदपत्रं तपासतात तितक्या गांभीर्यानं.

हिंदी सिनेमातला गोवा खोटा आहे, असा इथे आरोप नाही. ‘बॉबी’तलं (1973) कोळी कुटुंब, ‘फाइंडिंग फॅनी’तलं (2014) पोकोलिम हे कल्पित गाव, ‘डिअर जिंदगी’तला (2016) किनारा, यांतली काही चित्रं सुंदर आहेत, मनापासून काढलेली आहेत. पण या सिनेमांना मुळात हवी असते ती मोकळी जागा. शहरात घुसमटलेला माणूस तिथे येतो, रडतो, प्रेमात पडतो, बरा होतो. गोवा म्हणजे त्याचं औषध. औषधाला स्वतःच्या तक्रारी नसतात. म्हणूनच या गोव्यात पंचायतीची ग्रामसभा होत नाही, विहीर आटत नाही, सामायिक मालकीच्या घरावरून भावंडांत दावे चालत नाहीत. शिवाय पडद्यावरचा गोंयकार बहुतेक वेळा ख्रिस्ती असतो. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात हिंदू सुमारे 66 टक्के आणि ख्रिस्ती सुमारे 25 टक्के आहेत. देवळाच्या मंडपात भजनी सप्ताह बसवणारा, मराठी नाटकाच्या तालमीला जाणारा पेडण्याचा शेतकरी या चित्रात जवळजवळ नाहीच.

घरच्या सिनेमात वेगळं काय असतं? तो समजावून सांगत नाही. बाहेरच्या प्रेक्षकासाठी केलेला सिनेमा प्रत्येक गोष्टीची ओळख करून देतो. घरच्यांसाठी केलेला सिनेमा मात्र प्रेक्षकाला सगळं माहीत आहे असं धरून चालतो. जे न सांगता गृहीत धरलं जातं, नेमकं तेच नव्यानं आलेल्या माणसाला शिकायचं असतं.

‘भाटकार’ आणि ‘मुंडकार’ हे दोन शब्द घ्या. कोंकणी तियात्रात, नाटकात, सिनेमात ते येतात तेव्हा कोणी व्याख्या देत नाही. भाटकार म्हणजे भाटाचा, बागायतीचा मालक. मुंडकार म्हणजे त्या जमिनीवर घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा. घर त्याचं, जमीन दुसऱ्याची. 1975 च्या मुंडकार कायद्यानं त्याला हुसकावण्यापासून संरक्षण दिलं आणि घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. नवा खरेदीदार जमीन बघायला जातो तेव्हा कोपऱ्यातलं कौलारू घर त्याला ‘अडचण’ वाटतं. दलालही तोच शब्द वापरतो. त्या घरातल्या बाईनं दारात उभं राहून नुसतं पाहिलं, तरी त्या पाहण्यात पन्नास वर्षांचा कायदा आणि त्याआधीची कित्येक वर्षं वाकलेली मान असते. ते पाहणं ओळखू यायला कायद्याचं कलम वाचून भागत नाही. गोष्टीत ते पाहिलेलं असावं लागतं.

मिरांशा नाईक यांचा ‘जुझे’ (2017) ही गोष्ट आणखी एका अंगानं दाखवतो. काळ 1999 चा. गावातल्या एका वस्तीत परप्रांतातून पोटासाठी आलेले मजूर राहतात. ज्याच्या जागेत राहतात तो जुझे त्यांना पिळून काढतो. मोठा होऊ पाहणारा एक मुलगा त्याच्या तावडीतून सुटायची धडपड करतो. इथे बाहेरून आलेला माणूसच नायक आहे, पण तो किनाऱ्याकडे तोंड करून बसायला आलेला नाही. आज बाहेरून येऊन बंगला घेणाऱ्यानं हा सिनेमा जरूर पाहावा. त्याचा बंगला बांधणारे हातही बहुधा बाहेरूनच आलेले असतात, आणि गाव ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, म्हणतं तेव्हा एकाच शब्दात दोघांना धरतं. लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘बागा बीच’मध्येही किनाऱ्यावर पोट भरणारे स्थानिक आणि स्थलांतरित शेजारी-शेजारी उभे आहेत. पर्यटनाचा पैसा लहान मुलांपर्यंत कोणत्या रूपात पोहोचतो, हे पाहण्याची हिंमत त्या सिनेमानं केली. 61 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला.

शेटगावकरांचाच ‘पल्तडचो मनीस’ (2009) या सगळ्यात जास्त वेळ देऊन पाहावा असा आहे. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे, आणि टोरोंटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मिळाला. नायक विनायक वनरक्षक आहे. बायको गेलेली, जंगलातल्या घरात एकटा. एक वेडी बाई त्याच्या घराच्या आसपास घुटमळू लागते. तो आधी तिला हाकलतो, मग खायला देतो, मग घरात घेतो. पडद्यावर फार काही बोललं जात नाही. पाऊस, ओलं लाकूड, ताटात वाढलेला भात आणि तो खाणाऱ्या माणसाकडे बघणारा दुसरा माणूस. तिकडे गाव देऊळ बांधण्याच्या उत्साहात आहे. ज्या बाईची गावानं कधी वास्तपुस्त केली नाही, ती विनायकच्या घरात राहते म्हटल्यावर त्याच गावाला नीती आठवते.

या सिनेमात समुद्र नाही, चर्च नाही, गिटार नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचं रान आहे, वनखात्यातली नोकरी आहे आणि गावाचा एकवटलेला राग आहे. गाव किती मायेचं आणि किती निष्ठुर असू शकतं, हे एकाच गोष्टीत दिसतं. ‘गावात राहायला चाललोय, शांतता मिळेल’ असं म्हणणाऱ्याला याहून उपयोगी तयारी दुसरी कोणती असेल?

घरच्या सिनेमातून देश कसा समजतो, याचा एक दाखला सातासमुद्रापलीकडचा आहे. 1997 साली ऑस्ट्रेलियात ‘द कॅसल’ नावाचा छोटा विनोदी सिनेमा आला. मेलबर्नच्या विमानतळाला खेटून एका साध्या कुटुंबाचं घर आहे. विमानतळाच्या विस्तारासाठी ते सक्तीनं घेण्याची नोटीस येते आणि गाड्या ओढून नेण्याचा धंदा करणारा बाप थेट उच्चतम न्यायालयापर्यंत लढतो. ऑस्ट्रेलियन लोकांना यातले संवाद तोंडपाठ आहेत. आज अनेक मराठी कुटुंबं मेलबर्नला स्थायिक होतात. त्यांनी हा सिनेमा पाहिला तर बढाई न मारण्याची तिथली रीत, घराबद्दलचा हळवेपणा आणि शेजाऱ्यांशी असलेलं नातं दीड तासात ध्यानात येतं.

मोपाच्या वाट्याला असा गाजलेला सिनेमा आलेला नाही. गोष्ट मात्र होती. विमानतळासाठी मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे, उगवे या परिसरातली जमीन गेली. सड्यावर गुरं राखणारी धनगर कुटुंबं हलवली गेली. हजारो झाडं पडली. पर्यावरण दाखल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 2019 च्या मार्चमध्ये काम थांबलं, 2020 च्या जानेवारीत पुन्हा परवानगी मिळाली. विमानातून उतरणाऱ्याला पायाखालच्या काँक्रीटचा हा इतिहास कोणी सांगत नाही. ज्ञानेश मोघे यांच्या ‘दिगंत’ या कोंकणी सिनेमात धनगर समाज केंद्रस्थानी आहे. मोपाला उतरण्याआधी तो पाहिलेला माणूस सड्याकडे निदान वेगळ्या नजरेनं बघेल. 2023 मध्ये पेडण्याच्या झोनिंग आराखड्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या रागाचं मूळ कुठे आहे, हेही मग त्याला उमगेल.

या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप आहे. गोव्याचा स्वतःचा सिनेमा आहे तरी किती? 24 एप्रिल 1950 रोजी म्हापशात ‘मोगाचो आंवडो’ झळकला तेव्हापासून आजवर कोंकणी सिनेमा सातत्यानं निघू शकलेला नाही. साठच्या दशकातले ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’, अलीकडचा ‘नाचुंया कुंपासार’ हे अतिशय प्रिय सिनेमे. त्यांतलं जग मात्र मुख्यतः जुन्या काबिजादीतलं, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातलं, ख्रिस्ती कुटुंबांचं, मुंबईच्या क्लबात वाजवणाऱ्या वादकांचं. पेडणे आणि डिचोली हे तालुके नव्या काबिजादीत, म्हणजे पुष्कळ नंतर जिंकलेल्या भागात येतात. तिसवाडीत पोर्तुगीज 1510 ला आले. पेडणे सावंतवाडीकरांकडून त्यांच्या हाती गेलं 1788 मध्ये. एकीकडे साडेचारशे वर्षं, दुसरीकडे पावणेदोनशेच्याही आत. एवढ्या फरकानं देवळं, भाषा, खाणं, सणवार सगळंच वेगळं राहिलं. तेव्हा घरच्या सिनेमातही पेडणे पल्तडलाच राहतं, हे मान्य करायला हवं.

म्हणूनच पेडण्यासाठी शोध थोडा रुंद करावा लागतो. इथली खरी रात्रभराची करमणूक म्हणजे दशावतार, स्थानिक बोलीत धयकालो. तेरेखोल नदीपलीकडच्या सिंधुदुर्गातून कंपन्या येतात, जत्रेच्या रात्री देवळासमोर उभ्या राहतात. 2025 मध्ये आलेल्या सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’ या मराठी सिनेमात दिलीप प्रभावळकरांनी अशाच एका म्हाताऱ्या कलावंताची भूमिका केली आहे, आणि गोष्ट खाणीच्या संकटाशी जाऊन भिडते. सिनेमा कोकणातला. पण 2012 साली खाणी बंद झाल्यावर ट्रक उभे राहिलेलं डिचोली ज्यानं पाहिलं आहे, त्याला तो परका वाटणार नाही. फरक इतकाच की डिचोलीत खाण म्हणजे एकाच घरात धूळही होती आणि पगारही होता.

मराठी माणसानं इथे जास्त सावध राहायला हवं. पेडण्यात मराठी वर्तमानपत्र मिळतं, देवळात मराठी अभंग ऐकू येतात, शेजारी मराठीत उत्तर देतो. मग आपल्याला काही शिकायचं नाही, हे गाव आपलंच, असं वाटू लागतं. पण 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोव्यातल्या 1,72,191 मतदारांनी वेगळं राहण्याचा आणि 1,38,170 मतदारांनी महाराष्ट्रात विलीन होण्याचा कौल दिला. पेडणे-डिचोलीच्या बाजूला विलीनीकरणाची ओढ मोठी होती. त्या कौलाची जखम आणि अभिमान दोन्ही अजून ओले आहेत, आणि अनेकदा एकाच घरात आहेत. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यानं चहा पिता पिता ‘कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?’ असं विचारलं की समोरचा हसून विषय बदलतो. त्या हसण्यामागे काय आहे, ते ‘निर्मोण’च्या काळातल्या गोव्यात डोकावल्याशिवाय कळायचं नाही. कौलाच्या आदल्याच वर्षी, 1966 मध्ये, तो सिनेमा आला. आपली भाषा मोठ्या पडद्यावर बोलते आहे, ही गोष्ट तेव्हा लोकांना किती मोठी वाटली असेल!

हे सिनेमे शक्य तर मोबाइलवर एकट्यानं पाहू नयेत. साखळीच्या किंवा मडगावच्या रवींद्र भवनात, पणजीच्या कला अकादमीत कधी खेळ लागला तर तिथे जावं. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचणाऱ्याला विनोद कळायच्या आधी सभागृह हसून मोकळं झालेलं असतं. कधी पडद्यावर कोणी काहीच बोलत नसतं आणि मागच्या रांगेतली आजी एकदम ‘अरे देवा’ म्हणते. नक्की कशावर, ते तेव्हा कळत नाही. सिनेमा संपल्यावर शेजारच्याला विचारावं.

कार्तिक सरला की पेडण्यातल्या गावांत धयकाले सुरू होतात. मध्यरात्री देवळापुढे पेटीवाला सूर धरतो, राजा अंगणभर फिरून आपली ओळख देतो, मुलं चटईवर झोपी गेलेली असतात. वरून मोपाला उतरणाऱ्या विमानाचे दिवे सरकत जातात. मागे खुर्ची टाकून बसलेल्या नव्या माणसानं ‘हा राजा कुठला?’ असं विचारलं, तर बाजूचा गावकरी डोळे राजावरून न हलवता कथा सांगू लागतो. ती सांगून झाली की तो वळून विचारतो, ‘तुमचो गांव खंयचो?’