मेंदूची वेस आणि चांदीपुरा विषाणू

रक्तातून वाहणारा प्रत्येक पदार्थ मेंदूपर्यंत पोहोचत नाही, हे प्रथम रंगांमुळे लक्षात आले. १८८५ मध्ये पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये सोडली, तेव्हा जवळजवळ सर्व अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूला त्या रंगांची ओढच नसावी, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये रंग रक्ताऐवजी मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तर मेंदू निळा झाला आणि उरलेले शरीर रंगले नाही. म्हणजे ओढीचा प्रश्न नव्हता. रक्त आणि मेंदू यांच्या मध्ये काहीतरी आडवे उभे होते. लीना श्टेर्न यांनी १९२१ मध्ये त्याला ‘रक्त-मेंदू अडथळा’ म्हटले, आणि मेंदूला गावाप्रमाणे वेस आहे, ती बंद असली की आतले सुरक्षित, ही समजूत रूढ झाली.

ही वेस नेमकी कुठे आहे, हे मात्र १९६७ मध्ये थॉमस रीझ आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की त्यांच्या फटींतून प्रथिनाचा रेणूही पार होत नाही. त्याच वर्षी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी एका नव्या विषाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६५ मध्ये नागपुरात ताप आलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात तो सापडला होता, आणि तिथल्या वस्तीवरून त्याला चांदीपुरा हे नाव मिळाले. तो मेंदूवर चाल करणारा आहे, अशी शंका तेव्हा फारशी कोणाला येण्याचे कारण नव्हते.

२००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात मुलांना तीव्र ताप, झटके आणि बेशुद्धी यांनी गाठले. एकट्या आंध्रात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. अनेक मुले तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच गेली. वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात येणारा हा विषाणू इतक्या लवकर मेंदूला कसा भिडतो, हा प्रश्न तिथून खरा निकडीचा झाला.

विषाणूंच्या वाटा एकसारख्या नसतात. चांदीपुराच्याच कुळातला रेबीज रक्ताचा मार्गच टाळतो आणि चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंमधून वर सरकतो. एचआयव्ही संसर्ग झालेल्या पांढऱ्या पेशींच्या आत दडून पलीकडे जातो. काही विषाणू अस्तराच्या पेशींनाच ग्रासतात. पण जुन्या समजुतीला सर्वांत मोठा धक्का दिला तो जपानी मेंदूज्वराच्या अभ्यासाने. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत विषाणू आधी मेंदूत पोहोचलेला आढळला, आणि आतल्या पेशींनी त्याच्याविरुद्ध सोडलेल्या दाहकारक रसायनांमुळे सांधे त्यानंतर सैल झाले. वेस फुटणे हे इथे शिरकावाचे कारण नव्हते, तो त्याचा परिणाम होता.

हा क्रम वैद्यकाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. २००३ च्या साथीनंतर काही डॉक्टरांनी चांदीपुराच्या रुग्णांत मेंदूचा दाह नसून रक्तवाहिन्यांचाच आघात असल्याचे मत मांडले, तर इतरांनी विषाणू चेतापेशींनाच मारतो असे प्रतिपादन केले. चांदीपुरावर अजून खास औषध नाही, लसही नाही. झटके थांबवणे आणि मेंदूची सूज उतरवणे एवढेच हातात असते. अशा वेळी दाह दाबायचा की विषाणूचा पाठलाग करायचा, आणि कोणत्या तासाला, हे ठरवण्यासाठी आधी काय घडले आणि नंतर काय, हेच प्रयोगशाळेला शोधून काढावे लागेल.