पहारेकरी आणि त्याचा कर्णा

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या तेहतिसाव्या अध्यायांत पहारेकऱ्याचें जें वर्णन आहे, तें आपल्या मंडळ्यांतील बहुतेकांस ठाऊक आहे. देशावर तलवार येत आहे असें पाहून पहारेकऱ्यानें कर्णा वाजविला आणि ऐकणारानें पर्वा केली नाहीं, तर त्याच्या मरणाचा दोष त्याच्याच माथीं. परंतु तलवार येतांना पाहूनहि पहारेकरी गप्प राहिला, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब देव त्या पहारेकऱ्यापाशीं मागेल. ह्या अध्यायावर उपदेश करणारे आपण बहुधा येथेंच थांबतों. परंतु आणखी एक प्रकार आहे, त्याविषयीं तो अध्याय बोलत नाहीं. तलवार दूर आहे, किंवा आहे कीं नाहीं ह्याची पहारेकऱ्यास खात्री नाहीं. पण कर्णा वाजला म्हणजे लोक घाबरून आपल्या भोंवतीं जमतात व आपले जुने अपराध विसरतात, हें त्याला पक्कें ठाऊक आहे. आणि म्हणून तो कर्णा वाजवितो. त्याचा हिशेब कसा व्हावा?

हा प्रश्न नुसता कल्पनेचा नव्हे. सरकारें दहशतवाद्यांच्या भयाचे इशारे देतात, ते प्रजेच्या रक्षणासाठीं कीं आपल्या गादीच्या रक्षणासाठीं, असा संशय अनेक देशांत घेतला जातो. ह्या बाबतींत आंतली हकीकत पुष्कळशी उघड झाली आहे असें उदाहरण अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचें होय. म्हणून तेंच जरा विस्तारानें घेतों.

११ सप्टेंबर २००१ रोजीं त्या देशांत दहशतवाद्यांनीं विमानें पळवून तीं न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथील इमारतींवर घातलीं आणि सुमारें तीन हजार माणसें प्राणांस मुकलीं. असें संकट पाहिलेल्या सरकारला पुढें स्वस्थ झोंप लागली नसेल, हें आपण मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. १२ मार्च २००२ रोजीं सरकारनें पांच रंगांची एक पद्धति जाहीर केली. हिरवा म्हणजे भय अगदीं कमी. त्याच्यावर निळा, मग पिवळा, मग नारिंगी, आणि शेवटीं तांबडा. देश आज कोणत्या रंगाखालीं आहे हें सरकारनें सांगावें व लोकांनीं त्या मानानें सावध असावें, असा हेतु. हेतु वाईट नव्हता. परंतु रंग नारिंगी झाला म्हणजे सामान्य मनुष्यानें करावयाचें काय, हें रंगांत नव्हतें. फेब्रुवारी २००३ मध्यें रंग चढला तेव्हां, विषारी वायु सुटल्यास खिडक्या बंद करण्यासाठीं प्लास्टिकचे कागद व चिकटपट्टी घरांत ठेवावी असें सांगण्यांत आलें, आणि कित्येक ठिकाणीं दुकानांतील चिकटपट्ट्या संपून गेल्या. ज्या गांवचा जागल्या रोज रात्रीं नुसता 'जागे रहा' म्हणून ओरडतो, त्या गांवांत पहिल्या आठवड्यांत कोणी झोंपत नाहीं आणि दुसऱ्या आठवड्यांत कोणी उठत नाहीं. ही पद्धति नऊ वर्षें चालली. तेवढ्या काळांत हिरवा व निळा हे खालचे दोन रंग त्या देशाला एकदांहि दिसले नाहींत.

२००४ हें राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीचें वर्ष होतें. २९ जुलै रोजीं बोस्टन येथें विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मेळाव्यांत जॉन केरी ह्यांनीं उमेदवारी स्वीकारली. तीनच दिवसांनीं, १ ऑगस्टला, रविवारीं, स्वदेशरक्षण खात्याचे मंत्री टॉम रिज ह्यांनीं न्यूयॉर्क, न्यू जर्सीचा उत्तर भाग व वॉशिंग्टन येथील मोठमोठ्या पेढ्यांसाठीं नारिंगी इशारा दिला. न्यूयॉर्कचा शेअरबाजार व जागतिक बँक ह्यांचीं नांवें त्यांत होतीं. त्याच भाषणांत, ही माहिती आपल्या हातीं येणें हें राष्ट्राध्यक्षांच्या नेतृत्वाचें फळ होय, असेंहि ते बोलून गेले. पुढें एकदोन दिवसांतच वर्तमानपत्रांतून बाहेर आलें कीं, त्या इमारतींची टेहळणी बहुतांशीं तीन-चार वर्षांपूर्वींची, म्हणजे ११ सप्टेंबरच्याहि आधींची होती.

येथें घाईनें निकाल देऊं नये. माहिती खोटी नव्हती. त्या टेहळणीशीं संबंध असलेल्या एका मनुष्यानें पुढें २००६ सालीं इंग्लंडच्या न्यायालयांत खुनाचा कट केल्याचा अपराध स्वतः कबूल केला व त्यास जन्मठेप झाली. म्हणजे धोका खरा, कागद खरे. मग मनांत खुपतें तें काय? तें असें कीं, माहिती जुनी आहे हें पहिल्याच दिवशीं स्पष्ट सांगितलें नाहीं, आणि राष्ट्राध्यक्षांच्या स्तुतीचें जें वाक्य सांगण्याची कांहीं गरज नव्हती, तें सांगितलें. कर्णा खरा होता, परंतु त्यावर धन्याचें नांव कोरलें होतें.

कर्ण्याचा लाभ होतो काय, हेंहि एकानें मोजून पाहिलें आहे. कॉर्नेल विद्यापीठांतील रॉब विलर नामक संशोधकानें २००१ ते २००४ ह्या काळांतील सरकारी इशारे व राष्ट्राध्यक्ष बुश ह्यांच्याविषयींच्या लोकमताच्या चांचण्या एकमेकींशेजारीं ठेवल्या. इशाऱ्यानंतरच्या आठवड्यांत राष्ट्राध्यक्षांना मान्यता देणारांचें प्रमाण सरासरीनें शेंकडा पावणेतीननें चढलेलें त्यांना आढळलें. आणि नवल हें कीं, देशाची अर्थव्यवस्था ते कशी सांभाळतात ह्याविषयींचेंहि लोकांचें मत सुधारलेलें दिसलें. तलवारीच्या भयानें भाकरीच्या कारभाऱ्यावरचा विश्वास वाढावा, असें मनुष्याचें मन आहे! ह्यावरून कोणीं लाभासाठींच कर्णा वाजविला असें सिद्ध होत नाहीं. फळांनीं लवलेल्या झाडाखालीं उभा असलेला प्रत्येक मनुष्य चोर नसतो. परंतु अशा झाडाला कुंपण असावें, इतकें तरी कोणीहि म्हणेल.

खरें भयहि स्वार्थासाठीं वापरतां येतें, ही गोष्ट आपल्याला नवी वाटूं नये. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायांत यहूद्यांची न्यायसभा भरली आहे. ह्या मनुष्याला असेंच चालूं दिलें तर रोमी लोक येतील आणि आपलें स्थान व आपलें राष्ट्र दोन्ही घेतील, अशी चिंता तेथें बोलून दाखविली गेली. स्थान आधीं आणि राष्ट्र मागून, हा क्रम पाहण्यासारखा आहे, मग स्थान म्हणजे मंदिर समजा किंवा अधिकाराची जागा समजा. तेव्हां कयफानें सल्ला दिला कीं, सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षां एका मनुष्यानें मरावें हें हिताचें. आतां, तें भय खोटें होतें काय? मुळींच नाहीं. इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें यरुशलेम घेतलें व मंदिर जाळलें. परंतु ज्याला वधस्तंभावर दिलें, त्याच्यामुळें तें सैन्य आलें नाहीं. संकट खरें असूनहि तें ज्याच्यावर लादलें तो निरपराधी होता, आणि लादणारांचीं आसनें त्या दिवसापुरतीं शाबूत राहिलीं.

पुन्हां अमेरिकेकडे वळूं, कारण त्या वर्षाची मुख्य गोष्ट अजून सांगावयाची आहे. निवडणूक २ नोव्हेंबरला होती. २९ ऑक्टोबरला दहशतवाद्यांचा पुढारी ओसामा बिन लादेन ह्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली. लगेच वरिष्ठ मंत्र्यांची मसलत झाली. तींत संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड व ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट ह्यांनीं रंग चढवावा असा आग्रह धरला, असें रिज ह्यांनीं २००९ सालच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत लिहिलें आहे. चित्रफितीपलीकडे नवा पुरावा कांहीं नव्हता. आणि हें रक्षण आहे कीं राजकारण, असा प्रश्न त्यांच्या मनांत उठला. रंग चढला नाहीं. राष्ट्राध्यक्ष बुश निवडून आले, आणि ३० नोव्हेंबरला रिज ह्यांनीं राजीनामा जाहीर केला.

हें पुस्तक निघाल्यावर दुसऱ्या पक्षानें, त्या मसलतींत राजकारणाचा शब्दहि निघाला नाहीं, असें सांगितलें. आणि रिज ह्यांनींहि आपलें म्हणणें पुष्कळ मवाळ केलें. तेव्हां कोणाच्या अंतःकरणांत काय होतें ह्याचा निवाडा आपण करूं नये. अंतःकरण पाहणारा निराळा आहे. माझें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. रिज हे राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे, त्यांनींच नेमलेले, आणि १ ऑगस्टचें तें स्तुतीचें वाक्यहि त्यांच्याच तोंडचें. तोच मनुष्य तीन महिन्यांनीं बंद खोलींत आपल्या सोबत्यांसमोर 'नको' म्हणाला. एकाच मुखांतून दोन्ही निघालें. ह्यावरून मला असें वाटतें कीं, हा मोह दुष्ट राज्यकर्त्यांनाच होतो असें नाहीं. आपला पक्ष राहिला तरच देश राहील असें प्रामाणिकपणें मानणाऱ्या चांगल्या माणसालाहि तो होतो, किंबहुना त्यालाच अधिक. मंडळीचें भांडण मिटवितांना आपल्या बाजूच्या लोकांसाठीं देवाच्या कोपाचें भय घालणारा पंच आपल्यांपैकीं कोणीं पाहिला नाहीं काय?

स्पेन देशांत त्याच वर्षीं उलट प्रकार झाला. ११ मार्चला माद्रिद येथें आगगाड्यांत स्फोट होऊन १९० हून अधिक माणसें मेलीं. निवडणूक तीन दिवसांवर होती. सरकारनें बास्क प्रांताच्या 'एटा' संघटनेवर दोष ठेवला, व संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडून त्याच दिवशीं तसा ठरावहि करविला. पुरावा मात्र इस्लामी अतिरेक्यांकडे बोट दाखवूं लागला. लोकांनीं १४ तारखेस सरकार बदललें.

मग भयाचा इशारा आला असतां विश्वासणाऱ्यानें तो कसा ऐकावा? ह्याचें उत्तर मला नहेम्याच्या ग्रंथांत सांपडतें. चौथ्या अध्यायांत शत्रु खरोखरच चालून येणार आहेत. तेव्हां नहेम्या रात्रंदिवस पहारा बसवितो, कामकरी एका हातानें काम करतात व दुसऱ्या हातांत हत्यार धरतात, आणि कर्णा वाजविणारा त्याच्या शेजारीं उभा असतो. कर्णा ऐकाल तेथें आम्हांकडे जमा व्हा, असें तो लोकांना आधींच सांगून ठेवतो. रंगांच्या पद्धतींत जें नव्हतें तें ह्या कर्ण्यांत होतें. (अमेरिकेनेंहि २०११ सालीं रंग सोडले, आणि प्रत्येक इशाऱ्यांत काय करावें व तो कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे हें लिहिण्याची नवी रीत घातली.) सहाव्या अध्यायांत मात्र निराळेंच भय येतें. शमाया नामक मनुष्य नहेम्याला म्हणतो, आज रात्रीं ते तुला मारावयास येणार, चल, मंदिरांत शिरून दारें लावून घेऊं. नहेम्यानें ओळखलें कीं, ह्याला देवानें पाठविलें नाहीं. तोबीया व सनबल्लट ह्यांनीं पैसे देऊन त्याला बोलावयास लाविलें आहे. त्यानें तें कशावरून ओळखलें? तो इशारा त्याला काम सोडून पाप करावयास सांगत होता, ह्यावरून. येथें भय घालणारे राज्यकर्ते नव्हते, राज्यकर्त्यालाच भय घातलें जात होतें, हें खरें. तथापि पारख तीच. तो गेला नाहीं, आणि ५२ दिवसांत तट पुरा झाला.

आतां इशारे आपल्या खेड्यांत मोबाईलवर येतात, आणि तें खरें काय हें विचारावयास लोक उपदेशकाकडे येतात. त्यानें 'सगळें खोटें' म्हणून हंसण्यावारी नेऊं नये, आणि 'सरकार म्हणतें म्हणजे झालें' असेंहि म्हणूं नये. हें कोण सांगतो, माहिती कधींची, आम्हीं करावयाचें काय, हें ऐकून आम्ही कोणाचें नांव घेऊं लागतों व कोणत्या शेजाऱ्याकडे वांकड्या नजरेनें पाहूं लागतों, इतकें त्यानें लोकांसमक्ष मोठ्यानें विचारावें.

कारण इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्यानें काय होतें, तें श्रीलंकेंतील आपल्या बांधवांनीं भोगलें आहे. ४ एप्रिल २०१९ रोजीं भारताकडून तेथील गुप्तवार्ता खात्याला हल्ल्याचा इशारा पोंचला होता. राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेन व प्रधानमंत्री रनिल विक्रमसिंघे ह्यांचें मागील ऑक्टोबरापासून वांकडें होतें. आपणांस सुरक्षा समितीच्या बैठकींस बोलावीतच नसत, असें प्रधानमंत्र्यांनीं पुढें सांगितलें. इशाऱ्याचा कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर गेला, मंडळ्यांना कोणीं सांगितलें नाहीं. २१ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारीं, कोलंबो व नेगोंबो येथील रोमन कॅथॉलिक मंदिरांत, बट्टिकलोआच्या झायन मंडळींत व कांहीं हॉटेलांत स्फोट झाले आणि २६० हून अधिक माणसें मेलीं. झायन मंडळी आपल्यासारखीच प्रॉटेस्टंट. तेथें मेलेल्यांत शब्बाथशाळेचीं कित्येक मुलें होतीं. १२ जानेवारी २०२३ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेन ह्यांस पदरचे दहा कोटी रुपये भरपाई देण्याची आज्ञा केली.

ज्यांनीं कर्णा वाजविला नाहीं त्यांची ही गोष्ट; आणि आठवडाहि लोटला नाहीं तोंच माजी संरक्षण सचिव गोटाबाया राजपक्षे ह्यांनीं, आपण निवडणुकीस उभे राहून देश सुरक्षित करूं, असें जाहीर केलें. नोव्हेंबरांत ते निवडून आले. मधल्या काळांत, मे महिन्यांत, वायव्य प्रांतांतील ज्या मुसलमानांचा ह्या कृत्याशीं कांहीं संबंध नव्हता, त्यांचीं घरें व दुकानें जमावांनीं फोडलीं व जाळलीं. कोलंबोचे आर्चबिशप कार्डिनल माल्कम रणजित ह्यांच्या लोकांचे मुडदे त्या रविवारीं मंदिरांत पडले होते. मुसलमान बांधवांना हात लावूं नका, अशी त्यांनीं आपल्या लोकांची विनवणी केली. आणि इशारा कोणीं दाबला व कां दाबला, हा जाब सरकारें बदललीं तरी ते वर्षानुवर्षें मागत राहिले.