लय आणि वहिवाट

वयाच्या ४२ व्या वर्षी, सरकारी दफ्तरात कागदांच्या चवडी इकडून तिकडे हलवण्यात उमेदीचा बराचसा काळ घालवून झाल्यावर, मी तबल्या-डग्ग्यापुढे मांडी घालून बसलो तेव्हा बोटे ताठली असतील आणि मनगट वळणार नाही ही धास्ती मनात होतीच. परंतु बोटे आपल्या परीने वळू लागली, मनगटही हळूहळू सैल झाले, आणि पहिल्या सहा महिन्यांत मला ज्या गोष्टीने खरोखर हैराण केले ती मास्तरांच्या तोंडून सहज निघालेल्या एका शब्दात दडलेली निघाली. त्रितालाचा ठेका ठाय लयीत थोडाफार बसल्यावर ते म्हणाले, "आता हाच दुगुणीत म्हणा." पुढे महिन्याभराने म्हणाले, "हाच चौगुणीत." हे सांगताना ते टाळी देत नसत, पाटावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरीत असत, दर मात्रेला एक काप, आणि तोंडाने काय चालले आहे याची त्या अडकित्त्याला जणू दादच नसे. मी मात्र 'हाच' या शब्दापाशी अडकून पडलो. ज्या ठेक्याच्या १६ मात्रा मघाशी एक आवर्तन व्यापीत होत्या, त्या आता चतुर्थांश आवर्तनात आटोपल्या, म्हणजे त्यांच्या वाट्याचा काळ तीन हिस्से काढून घेतला गेला. आणि ज्याचा काळ बदलला ते 'तेच' राहिले असे कोणत्या अधिकाराने म्हणावयाचे?

प्रथम मी माझ्या धंद्यातले उत्तर काढले. एखाद्या खरेदीखताची नक्कल कारकुनाने बारीक अक्षरात, अर्ध्या पानात बसवली, म्हणून ती निराळ्या खताची नक्कल ठरत नाही. रुजुवात घेताना आम्ही शब्द पाहतो, अक्षराची उंची पाहात नाही. चौगुण ही ठेक्याची बारीक अक्षरातली नक्कल आहे, असे मी स्वतःला समजावले, आणि काही दिवस ते समाधान पुरले.

या समाधानाला फार मोठा आधार आहे हे नंतर कळले. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या पतंजलींच्या महाभाष्यात हाच प्रश्न वाणीच्या संदर्भात उपस्थित झाला आहे. एकच वर्ण कोणी द्रुत वृत्तीने उच्चारतो, कोणी मध्यम, कोणी विलंबित. मग ऱ्हस्व स्वर सावकाश बोलणाऱ्याच्या तोंडी दीर्घ होऊन बसत नाही काय, अशी ती शंका. भाष्यकारांचा निर्णय असा, की वर्ण ठरलेले आहेत, वृत्तीचा भेद वक्त्याच्या बोलण्याच्या चालीत आहे. आणि योगायोग असा, की हे समजावून देण्यासाठी त्यांनी जो दृष्टांत घेतला तो नगाऱ्याचा, म्हणजे भेरीचा आहे. भेरीवर आघात झाला की तिचा नाद कुठे २० पावलांपर्यंत पोचतो, कुठे ३०, कुठे ४०. आघाताचा स्फोट तेवढाच असतो, वाढते ती ध्वनीची पसरण. व्याकरणाच्या एवढ्या मोठ्या आचार्याला भर युक्तिवादात चामड्याच्या वाद्याची आठवण व्हावी याचा मला, नवशिक्या तबलजी म्हणून, काहीसा पोरकट अभिमान वाटला हे कबूल केले पाहिजे.

परंतु भेरी वाजवणाऱ्याने एक आघात करून हात खाली ठेवला तर चालते. तबलजीला पुढचा आघात करावयाचा असतो, आणि तिथे दृष्टांत लंगडा पडतो. ठाय लयीतला 'धा' घ्या. तर्जनी चाटेवर पडते, अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते, डाव्या हाताची बोटे डग्ग्यावर पडतात आणि मनगटाचा दाब किंचित पुढे सरकून त्या घुमाऱ्याला एक गोलाई आणतो. मग त्या नादाची आस उरते, ती हळूहळू विरत जाते, आणि ती पुरती विरण्याच्या सुमारास पुढचा बोल येतो. चौगुणीत यातले जवळजवळ काहीच शिल्लक राहात नाही. मनगट सरकायला वाव नसतो, आस निघण्यापूर्वीच पुढचा आघात तिला मोडतो, हात पूर्वीच्या उंचीवर उचलला तर परत येईतो वेळ निघून जाते, म्हणून तो चामड्यापासून जेमतेम सुटतो. 'धिरधिर' सारख्या बोलांत तर बोटांचा अंमलच संपून पंजा कामाला लागतो. उलट बाजूनेही पाहावे. विलंबित एकतालात ख्याल गाणारे गवई लय इतकी उतरवतात की १२ मात्रांचे एक आवर्तन पुरे होण्यास जवळजवळ मिनिट लागते. तिथे उघड्या ठेक्याच्या दोन बोलांमध्ये एवढे रान पडते की तबलजी ते 'तिरकिट' सारख्या भरणीने राखतो, नाहीतर गवयाला वाट दिसावयाची नाही. म्हणजे सावकाश वाजवताना ठेक्यात भर घालावी लागते आणि जलद वाजवताना त्यातून काढून टाकावे लागते. बारीक अक्षरात लिहिताना ज्या कारकुनाने मजकूर गाळला आणि मोठ्या अक्षरात लिहिताना पदरचा घातला, त्याच्या नकलेवर शिक्का मारण्यास माझी हिंमत झाली नसती.

मग 'तेच' काय उरते? याचे उत्तर ज्याने माझ्यापुरते दिले तो गृहस्थ हिशेबनीस होता, आणि म्हणूनच बहुधा मला ते पटले. शार्ङ्गदेव हा काश्मिरातून दक्षिणेत आलेल्या घराण्यातला. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी तो श्रीकरणाचा, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा, प्रमुख होता. पुढे तोच अधिकार सांभाळणाऱ्या हेमाद्रीचे नाव आपल्याकडे देवळांच्या चिऱ्यांमुळे आणि मोडीमुळे पोराबाळांच्या तोंडी आहे. शार्ङ्गदेवाचे नाव गवयांच्या आणि पंडितांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेत नाही, ही आपली जुनी विषमता. त्याच्या संगीतरत्नाकरात लयीची जी व्याख्या आहे तिचा भाव असा, की एका क्रियेनंतर जी विश्रांती येते ती लय. द्रुतात ही विश्रांती सर्वांत थोडी, मध्यात तिच्या दुप्पट, विलंबितात त्याच्याही दुप्पट. पतंजलींनी वृत्तींमधला भेद तृतीयांशाच्या वाढीने मोजला, कारण माणसाचे बोलणे तेवढेच ताणले जाऊ शकते. शार्ङ्गदेवाने दुपटीने मोजला. पण मला त्याच्या आकड्यांपेक्षा त्याने खाते कुठे उघडले याचे आश्चर्य वाटले. आपण सारे आघात मोजीत असतो, आणि हा फडणीस आघातांच्या मधली बाकी मोजतो. 'धा' बदलला, त्याची आस मोडली, हाताची उंची गेली, तरी दोन 'धां'मधले अंतर जर इतर अंतरांशी प्रामाणिक राहिले, तर ठेका तोच.

लय हा शब्द मुळात विरघळणे, एखाद्यात चिकटून लीन होणे या अर्थाचा. संगीतात त्याला साध्य मानतात. वेदान्तात मात्र तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. गौडपादांच्या कारिकांत लयात गेलेल्या चित्ताला जागे करण्याचा आदेश आहे, आणि सदानंदांच्या वेदान्तसारात निर्विकल्प समाधीची जी चार विघ्ने सांगितली आहेत त्यांत पहिले विघ्न लय, म्हणजे आलंबन सुटून चित्ताचे झोपी जाणे, आणि शेवटचे रसास्वाद! तबला शिकणाऱ्याने ही यादी वाचून हात जोडून उठून जावे अशीच ती आहे. परंतु चौगुणीचा अनुभव घेतल्यावर मला त्या वेदान्त्यांचे म्हणणे पटू लागले. बोटे एकदा सरावली की ती आपोआप पळतात, मन खिडकीबाहेर जाते, आणि परत येऊन पाहावे तो वाजवायला घेतलेली बोलांची रचना, म्हणजे कायदा, अजून चालूच असतो. अशा वेळी मला वाटे की साधले. आणि नेमक्या त्याच वेळी अडकित्ता थांबे. मास्तर मान वर न करता विचारीत, "रावसाहेब, गाडी पकडायची आहे का?" हात पळालेला असे, आणि पळताना मला कमालीचा आनंद होत असे. लय आणि रसास्वाद ही दोन्ही विघ्ने एकाच चटईवर हजर!

मास्तरांनी तरुणपणी गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाखाँसाहेबांना ऐकले होते, आणि द्रुतातसुद्धा त्यांचे अक्षर न् अक्षर सुटे ऐकू येई हे सांगताना ते हातातली सुपारी खाली ठेवीत. अक्षरे तेवढी सुटी ऐकू येण्यासाठी काय करावे असे विचारले की उत्तर ठरलेले: ठायीत बसा. इथे मला वेदपठणाचे उच्चार शिकवणाऱ्या शिक्षाग्रंथांशी त्यांचा विरोध दिसला. त्या ग्रंथांचा दंडक असा, की पाठांतराच्या आवृत्तीसाठी द्रुत वृत्ती, प्रत्यक्ष प्रयोगासाठी मध्यम, आणि शिष्यांना शिकवताना विलंबित. वैदिकाला आवृत्ती घोकून काढायची असते, कारण मंत्र त्याला आधीच सिद्ध मिळालेला असतो. तबलजीला तो आपल्या हाडांतून घडवावा लागतो, म्हणून तो घरी सावकाश बसतो आणि बैठकीत धावतो. मी हे मोठ्या आढ्यतेने मास्तरांना सांगितले. ते म्हणाले, "असेल. तुम्ही आधी खाली नीट दाखवा."

हाताने मात्रांची टाळी देत तोंडाने बोल म्हणायचे, तर दुगुण आणि चौगुण यांत एक सोय आहे, ती म्हणजे मनातल्या मनात लबाडी करता येते: हाताला विसरून तोंडालाच मालक करावे आणि दर दुसऱ्या, चौथ्या बोलावर हात आणून टेकवावा. आडीत ही सोय नाही. दोन मात्रांत तीन बोल समान अंतराने बसवायचे; १६ मात्रांचा ठेका आडीत म्हटला की तो १० मात्रा आणि वर दोन तृतीयांश एवढ्यात संपतो, म्हणून समेवर बरोबर येऊन टेकायचे तर पाच मात्रा सोडून सहावीचा पहिला तृतीयांश गेल्यावर तोंड उघडावे लागते. हा हिशेब मी एका कागदावर मांडून, रकाने आखून, मास्तरांना दाखवला, आणि त्यांनी तो सुपारीची फोलकटे ठेवायला वापरला. हिशेब अचूक होता. तोंड उघडले की मात्र एकतर तोंड हाताच्या मागे जाई नाहीतर हात तोंडाच्या.

वैशेषिक म्हणतील की काळ हे एकच, नित्य आणि व्यापक द्रव्य आहे; हात आणि तोंड या त्याच्या दोन उपाधी, भांडण उपाधींचे आहे. योगसूत्रांवरचे व्यासभाष्य उलट सांगते: खरा तो क्षण, दोन क्षण एकत्र नांदत नाहीत, आणि काळ म्हणून आपण ज्याला म्हणतो ती बुद्धीची रचना आहे. आडीत म्हणताना मला हे दोन्ही पक्ष खोटे वाटत. काळ एक असता तर मी हातातून तोंडात जाताना ठेचाळलो नसतो; नुसते क्षणच असते तर तिसरा बोल दोन टाळ्यांच्या मध्ये कुठे पडावा हे कोणत्याही क्षणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. साक्षी नावाचे सुटसुटीत उत्तर पुष्कळांच्या तोंडावर तयार असते. हात म्हणजे साक्षी, तोंड म्हणजे प्रपंच. पण माझा हात साक्षी नव्हता. तो आमिषाला बळी पडे, तोंडाबरोबर पळे, आणि त्याला पुनःपुन्हा धरून आणावे लागे.

आमच्या दफ्तरात मालकी आणि वहिवाट असे दोन निराळे रकाने असतात. मालकी कागदाने सिद्ध होते आणि कागद पेटीत पडून राहिला तरी चालते. वहिवाट मात्र नांगर धरल्यानेच चालू राहते, एका हंगामापुरता बांध सोडला की शेजारी आत सरकतो. ठेका 'तोच' आहे हे मला वाटते या दुसऱ्या रकान्यातले म्हणणे आहे. पतंजलींना स्फोटाचा कागद मिळाला होता, शार्ङ्गदेवाला अंतरांचा. दोघांविषयीचा आदर यत्किंचितही कमी न करता मी असे म्हणेन, की अंतर कुठे लिहून ठेवलेले नसते, ते दर मात्रेला नव्याने कसावे लागते, आणि ज्या मात्रेला ते कसले नाही त्या मात्रेला ठेका दुसऱ्याचा झालेला असतो. तबल्याची परिभाषा आमच्या कचेरीच्या किती जवळची आहे हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते: कायदा तर आहेच, पण पेशकार म्हणजेही उत्तरेकडच्या कचेऱ्यांत हाकिमापुढे कागद पेश करणारा कारकून!

आड बसायला मला पुढे दीड वर्ष लागले. ज्या संध्याकाळी ती बसली त्या संध्याकाळी विशेष असे काही झाले नाही. पाऊस पडून गेला होता, पागोळ्या आपापल्या लयीत गळत होत्या आणि त्यांतली एकही अडकित्त्याशी जुळत नव्हती. मी सहाव्या मात्रेच्या आत शिरून म्हणायला सुरुवात केली. एक आवर्तन गेले, दुसरे गेले, कान सुपारीच्या आवाजाकडे लागलेला होता आणि तो आवाज थांबत नव्हता. दोन सुपाऱ्या कातरून झाल्या. तिसरी हातात घेताना मास्तरांनी पानाचे तबक माझ्याकडे सरकवले, आणि चुना तुम्हीच लावून घ्या म्हणाले.