धावण्यातला आनंद कोणाचा?

लांब पल्ला धावल्यावर मनाला येणाऱ्या तरतरीचे श्रेय बरीच वर्षे एंडॉर्फिनला दिले जात असे. परंतु रक्तातले एंडॉर्फिन मेंदूभोवतीचा पडदा सहजी ओलांडत नाही. 2021 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी धावपटूंना नाल्ट्रेक्सोन देऊन एंडॉर्फिनची ग्रहणस्थाने अडवली, आणि 45 मिनिटे धावल्यावर आनंद व्हायचा तो झालाच. आता बोट आनंदामाइडकडे दाखवले जाते. राफाएल मेशुलम यांच्या जेरुसलेममधील गटाने 1992 मध्ये शोधलेला हा रेणू मेदात विरघळतो, त्यामुळे मेंदूत शिरतो. व्यायामाने त्याचे रक्तातले प्रमाणही वाढते.

मग हा आनंद कोणाचा? भारतीय दर्शनांपैकी जडवादी चार्वाकांना उत्तर सोपे होते: किण्वातून मदशक्ती उपजावी तसे भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते. सांख्यांनाही रेणूची अडचण नाही, कारण त्यांच्या मते सुख, बुद्धी, अहंकार हे सगळे प्रकृतीचेच विकार. पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, केवळ साक्षी. पेच खरा पडतो तो वैशेषिकांपुढे. ते सुख आणि प्रयत्न दोन्ही आत्म्याचे गुण मानतात. मात्र शरीर आणि मन यांच्यावाचून हे गुण उपजत नाहीत हेही त्यांना मान्य आहे, त्यामुळे रेणूला निमित्तकारण म्हणून जागा देता येते.

वैशेषिकांच्या प्रशस्तपादाने प्रयत्नाचे दोन प्रकार केले: झोपेतही श्वास चालवणारा जीवनपूर्वक, आणि इच्छा-द्वेषातून येणारा. व्यायामात त्याशिवाय तिसरेच काही दिसते. स्नायू आकुंचन पावला की पेशीत कॅल्शियम वाढते, ऊर्जा घटल्याची वर्दी एएमपीके हे विकर देते, आणि ग्लुट-4 ही वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येऊन रक्तातली साखर आत घेतात. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या स्नायूतही हे घडते. टाइप 2 मधुमेहात चालायला सांगतात ते उगाच नाही. या कामाला प्रयत्न म्हणणे जरा ओढूनताणूनच होईल.

याउलट शर्यतीआधी, पाऊल उचलण्यापूर्वीच, अ‍ॅड्रिनलिन वाढू लागते आणि छाती धडधडते. इथे संकल्प आधी, स्राव नंतर. जडवादी म्हणेल, संकल्प हाही चेतापेशींचाच व्यापार. म्हणेलही, पण ते त्याने प्रयोगाआधीच गृहीत धरलेले असते. नाल्ट्रेक्सोनच्या चाचणीतून कोणता रेणू लागत नाही एवढे कळते, आनंदाचा अनुभव कोणाला येतो हा वाद तिच्या कक्षेबाहेरच राहतो.