आपल्या वाट्याचे छिद्र

आम्हा मराठवाड्याच्या माणसांचा समुद्राशी संबंध शब्दांपुरताच. नांदेडात नावघाट हे नाव उरले आहे, आणि शिडाची होडी तर आमच्या गोदावरीत दिसतच नाही. तरी सुकाणू हा शब्द अरबीतून मराठीत आला आणि कोकणातला नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा धनी, हे सांगताना आमची मान जरा ताठ होते.

समजा, नांदेडचे एक नवे जोडपे मुंबईला गेले आणि शिडाची लहान होडी घेऊन दिवसभरासाठी दोघेच पाण्यात निघाले. शिकणे झाले ते दोन-चार तासांचे. सुकाणू त्याच्या हाती. ती विचारते, 'परत कसं यायचं ते तुम्हाला नक्की माहीत आहे ना?' तो हसून म्हणतो, 'अल्ला मालिक है. तू बैठ.'

शिडाच्या होडीत निघणे फार सोपे असते, आणि तीच अडचण आहे. वारा पाठीशी असला की होडी आपोआप चालते. वारा आहे असेही वाटत नाही. परतताना तोच वारा तोंडावर येतो. शीड थेट वाऱ्याच्या दिशेने चालत नाही; एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, तिरके तिरके यावे लागते. तोवर दुपार होते आणि समुद्रावरून येणारा वारा वाढतो. होडी कलली की दोघांनी वाऱ्याच्या बाजूला सरकून वजन टाकायचे, शिडाचा दोर सैल सोडायचा. उलटलीच, तर किनाऱ्याकडे पोहत न सुटता होडीलाच धरून राहायचे. ती भलत्या बाजूला झुकली तर त्याचे सुकाणू काय करणार? आणि तोच पाण्यात पडला तर दोर कोण सोडणार?

उंट आधी बांध, मग तवक्कुल कर, ही तिर्मिजीतली हदीस जुम्म्याच्या बयानात आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की ती आता गुळगुळीत झाली. तो प्रश्न माणसाने स्वतःच्या उंटाविषयी विचारला होता. स्वतःच्या जनावराबाबतही जिथे ढिलाई चालत नाही, तिथे दुसऱ्याच्या जिवाचे काय? नवऱ्याचा तवक्कुल त्याच्या जिवापुरता. बायकोच्या जिवाचा तवक्कुल बायकोनेच करायचा, आणि त्यासाठी होडीविषयी आपल्याला काय येते नि काय येत नाही, हे तिला कळले पाहिजे. ते लपवून म्हटलेले 'अल्ला मालिक' म्हणजे दुसऱ्याच्या अमानतीवर लावलेला जुगार आहे.

हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांनी सांगितलेली, बुखारीतली जहाजाची हदीस इथे आठवते. चिठ्ठ्या टाकून काही जण वरच्या मजल्यावर गेले, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वरच्यांमधून जावे लागे. त्यांनी ठरवले, आपण आपल्याच वाट्यात छिद्र पाडू, वरच्यांना त्रास नको. आम्हाला यातला हेतू विलक्षण वाटतो. त्यांच्या मनात वैर नव्हते. कोणाला तोशीस पडू नये, एवढेच होते. होडीतल्या त्या नवऱ्यालाही बायकोला घाबरवायचे नसते.

ही हदीस समजायला लातूरकराला समुद्र लागत नाही. ज्याने-त्याने आपल्या अंगणात बोअर घेतला. शेजाऱ्याचा 300 फूट तर आपला 500. जागा आपली, पैसा आपला, मग दुसऱ्याने का बोलावे? पण जमिनीखालचे पाणी सातबारा पाहून थांबत नाही. पावसाने पाठ फिरवली, मांजरा धरण आटले आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दीला जमावबंदी लागली होती.

कोणी म्हणेल, असे हिशेब करत बसले तर माणूस घराबाहेरच पडणार नाही. तसे नाही. दोघे अनाडी असणे हा गुन्हा नव्हे. निकाहाच्या दिवशी दोघेही अनाडीच असतात. पण त्या दिवशी आम्ही साक्षीदार ठेवून तिची रजामंदी विचारतो आणि पुढे तीस वर्षे काही विचारत नाही. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो, पोराच्या लातूरच्या क्लाससाठी शेत विकले, आखातात जायला सावकाराचे पैसे उचलले. बायकोला कळते ते वारा तोंडावर आल्यावर. सुकाणू एकाच हाती असावे लागते, हे आम्ही मान्य करतो. दोघांनी ओढले तर होडी चालणार नाही. पण वारा कुठून येतो आहे हे सांगायला सुकाणू सोडावे लागत नाही.

त्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) वरच्या मजल्यावरच्यांवरही जबाबदारी टाकली आहे. त्यांनी छिद्र पाडणाऱ्यांचा हात धरला तर सगळेच वाचतील, नाहीतर सगळेच बुडतील. आमच्या घरात मात्र बायकोने जामीनपत्रावर सही करणाऱ्या नवऱ्याचा हात धरला, तर तिला उद्धट ठरवायला सासरच्यांआधी माहेरचे येतात.